पालखी, कोळंबी आणि भावकी

शिमग्याची पालखी खांद्यावर होती आणि उजवा तळहात खाजायला लागला. माझ्या पुढे दांड्याला असलेल्या पोराला मी ते ओरडून सांगितलंही. ढोल इतका जवळ होता की ओरडल्याशिवाय काही ऐकू जात नव्हतं. तो मागे न वळता म्हणाला, "पैसे येणार काका तुम्हाला." पुरुषाचा उजवा तळहात खाजला की लक्ष्मी येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी हसलो. मग डावा तळहात खाजायला लागला. मग तळपाय. अनवाणी पायांखाली मार्चमधली तापलेली माती होती, म्हणून तळपायांचं मी काही मनावर घेतलं नाही.

मग कानाच्या पाळ्या तापल्या. मानेवर, पोटावर गांधी उठल्या. मी खांदा बदलून घेतला आणि कडेच्या रायवळ आंब्याखाली जाऊन बसलो. तालुक्याच्या गावात वीस वर्षं माझं औषधांचं दुकान आहे. अंगावर गांधी उठल्या की सेट्रिझिन, हे मी दिवसातून चार जणांना सांगतो. खिशात पट्टी होतीच. एक गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्यायलो आणि आता गुण येईल म्हणून बसून राहिलो. आजवर केलेल्या गाढवपणांत ह्याचा नंबर बराच वर लागेल.

गोळी पोटात विरघळून रक्तात पोचायची तर वेळ लागतो. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. ओठ जाड झाले, आवाज घोगरा झाला, पोटात पीळ पडला. आणि मग एक गोष्ट झाली, जी मला आजही नीट सांगता येत नाही. मनात एकदम पक्कं बसलं की आपण आता जाणार. ती भीती नव्हती. भीतीत 'कदाचित' असतं, ह्यात नव्हतं. पुढे वाचताना कळलं की ही जाणीव पुस्तकांतल्या लक्षणांच्या यादीतच आहे, गांधी आणि उलटीच्या शेजारी. माझ्या आयुष्यातला सगळ्यात खाजगी क्षण छापील यादीत सापडल्यावर थोडा अपमानच वाटला.

मी कोसळल्यावर जे व्हायचं ते झालं. चार जणांनी उचलून मला आंब्याच्या बुंध्याला टेकवून बसवलं. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. कोणी वारा घालायला उपरणं काढलं. काकी म्हणाली, "ह्यानं दुपारी कोलबी खाल्लान. पालखीच्या दिवसांत मासली खाऊन देवाला खांदा दिलान. देव सोडील?"

ते खरं होतं. देवाचं मी सांगत नाही, कोळंबीचं सांगतो. पालखी घरोघर फिरते त्या दिवसांत आमच्या वाडीत मासळी शिजत नाही. पण शेजारच्या गावची पालखी आधीच सहाणेवर परतली होती, तिथला नेम संपला होता आणि तिथे बायकोची मामेबहीण राहते. हर्णैच्या बंदरावरून सकाळी आणलेली कोळंबी, ओल्या खोबऱ्याचं कालवण, तांदळाची भाकरी. मी जेवलो आणि दीड तासाने पालखीला खांदा दिला.

मला रिक्षात घातलं ते माझ्या चुलतभावाने. आमचा दोघांचा गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, सोळा वर्षं दावा चालू आहे. तो माझ्याशी बोलत नाही. त्या दिवशीही बोलला नाही, नुसती रिक्षा हाणली. आरोग्य केंद्रात मला बसतं धरून आत नेत होते, तर एक लहानखुरी डॉक्टर आतूनच ओरडली, "झोपवा! आधी आडवं करा त्यांना, पाय वर घ्या!" आणि लेंग्यावरूनच मांडीत बाहेरच्या बाजूला सुई खुपसली. अर्धा मिलि अ‍ॅड्रेनॅलिन. पाचेक मिनिटांत छातीतली शिट्टी उतरली. छत दिसायला लागलं, छताला पाल होती, तीही दिसली. हे इंजेक्शन माझ्या दुकानात कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात असतं. काही रुपयांना मिळतं. वीस वर्षांत मी स्वतःसाठी त्याचा विचार केला नव्हता.

रात्रभर तिने मला सोडलं नाही. मी घरी जायचा हट्ट केला तर म्हणाली, "काही जणांना काही तासांनी परत येतं. तुम्ही घरी जाऊन झोपलात आणि परत आलं तर?" पहाटे दोनला पोटावर पुन्हा थोड्या गांधी उठल्या आणि विरल्या. मी जागाच होतो. एकच विचार घोळत होता: चव्वेचाळीस वर्षं कोळंबी खाल्ली. दात आले तेव्हापासून. मग आज काय झालं?

हा प्रश्न मी त्यानंतर शंभर जणांच्या तोंडून ऐकला. "आजवर कधी काही झालं नाही" असं म्हणताना माणूस जणू स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा देत असतो. आणि हे प्रकरण समजून घेताना मला जी एक गोष्ट नीट कळली ती ही, की हा पुरावा फिर्यादीच्या बाजूचा आहे. ज्याची शरीराला ओळखच नाही त्याच्याशी असलं वैर होत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आमच्याकडे परक्याशी कोण कोर्टात जातं? दावे भावकीत असतात. गडगा, पायवाट, सामाईक विहीर, आंब्याच्या एका फांदीची सावली. आधी ओळख लागते.

ह्या वैराला नाव मिळालं तेही समुद्रावरच. १९०१ सालच्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर ह्याच्या बोटीवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ एका जेलीफिशसारख्या प्राण्याचं विष तपासत होते. तो प्राणी आपल्याला अनोळखी नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यांसारखे जे लाटेबरोबर येऊन पडतात, लोक ज्यांना ब्लू बॉटल म्हणतात आणि पर्यटकांची पोरं ज्यांना उत्साहाने बोट लावतात, तेच ते. फ्रान्सला परतल्यावर तो प्राणी मिळेना म्हणून त्यांनी समुद्रफुलाचं विष घेतलं आणि कुत्र्यांवर प्रयोग केले. कल्पना सरळ होती. थोडं विष आधी टोचलं की लसीसारखी सवय होईल आणि पुढचा डोस सोसेल. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला पहिला डोस दिला, तो ठणठणीत राहिला. बावीस दिवसांनी तेवढाच दुसरा डोस दिला आणि तो पंचवीस मिनिटांत मेला.

संरक्षण करायला गेलो आणि उलटंच झालं. म्हणून रिशेने शब्द बनवला अ‍ॅनाफिलॅक्सिस, संरक्षणाच्या विरुद्ध. खरं तर ग्रीक व्याकरणाने 'अफिलॅक्सिस' व्हायला हवं होतं, पण ते कानाला बरं लागेना म्हणून त्याने 'अ‍ॅना' केलं. १९१३ साली त्याला नोबेल मिळालं. नेपच्यूनचं मात्र मला वाईट वाटतं. पहिल्या खेपेला काही झालं नाही म्हणून दुसऱ्या खेपेला तोही शेपटी हलवत गेला असेल.

पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मधल्या दिवसांत आत काय चालतं, हे कळायला पुढची साठ-सत्तर वर्षं लागली. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात मासा आहे. ब्रेस्लाऊ शहरात १९२१ मध्ये प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर असे दोन डॉक्टर होते. क्यूस्टनरला शिजवलेला मासा बाधायचा. प्राउस्निट्झ मजेत मासे खायचा. प्राउस्निट्झने क्यूस्टनरच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी टरारून गांध उठली. एकाचं वैर दुसऱ्याच्या कातडीत जाऊन बसलं होतं. रक्तातून वैर देता येतं! आमच्याकडे ते सातबाऱ्यावरून देतात.

त्या सीरममध्ये नक्की काय होतं ते १९६६ साली इशिझाका पती-पत्नीने शोधलं. किमिशिगे आणि तेरुको, दोघेही जपानी, काम अमेरिकेत. इतक्या थोड्या प्रमाणात असणारा पदार्थ की तो आहे हे पाहायला त्यांनी स्वतःच्याच पाठींवर टोचण्या करून घेतल्या. स्वीडनमधल्या योहानसन आणि बेनिक ह्यांनाही स्वतंत्रपणे तेच सापडलं आणि १९६८ मध्ये त्याचं नाव ठरलं: आयजीई. प्रतिपिंडाचा, म्हणजे अँटिबॉडीचा, एक प्रकार. रक्तात फिरणारं आयजीई दोन-तीन दिवसांत निम्मं होतं. पण एकदा पेशीला चिकटलं की आठवडेच्या आठवडे टिकतं.

ह्या पेशीचं नाव मास्ट पेशी. १८७८ साली पाउल एर्लिख नावाचा जर्मन विद्यार्थी आपल्या प्रबंधासाठी ऊतींना रंग देऊन पाहत होता. त्याला काही पेशी दिसल्या ज्यांच्या पोटात दाणेच दाणे भरलेले. त्याला वाटलं, ह्या खाऊन खाऊन माजल्यात. जर्मनमध्ये जनावर पोसून लठ्ठ करण्याला 'मास्ट' म्हणतात, ते नाव दिलं. एर्लिखला मराठी येत नव्हतं, नाहीतर 'मस्तवाल' शब्द त्याला तयारच मिळाला असता. दाणे खाल्लेले नव्हते, ते तिथे तयार करून ठेवलेले होते: हिस्टामिन, ट्रिप्टेज आणि बरंच काही. कातडीखाली, श्वासनळीत, आतड्यात, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने ह्या पेशी भरलेली कोठारं घेऊन बसलेल्या असतात.

आता दावा कसा उभा राहतो ते पाहा. कधीतरी शरीरात कोळंबीचं प्रथिन अशा रस्त्याने, अशा वेळी आत येतं की टी पेशी ते शत्रूचं म्हणून नोंदवतात आणि बी पेशींना निरोप जातो. ह्या दोन्ही रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी. बी पेशी त्या प्रथिनावर बरोबर बसेल असं आयजीई घडवायला लागतात. हे आयजीई जाऊन मास्ट पेशींच्या अंगावर रुतून बसतं. एकेका पेशीवर अशा हजारो खुंट्या. ह्या काळात माणसाला काहीसुद्धा होत नाही. तो जेवतो, ढेकर देतो, आजवर कधी काही झालं नाही म्हणतो. कागद मात्र तयार होत असतात.

मग एके दिवशी तेच प्रथिन परत येतं. इथे एक बारीक कलम आहे आणि ते मला वकिलांच्या सहवासामुळे लगेच कळलं. एका आयजीईने ते प्रथिन धरलं तर काही होत नाही. शेजारशेजारच्या दोन आयजीईंनी एकच रेणू दोन बाजूंनी धरला पाहिजे. दोन साक्षीदार पटले की हुकूम सुटतो. पेशीत कॅल्शियम चढतं, दाण्यांच्या पिशव्या पेशीच्या कडेला येऊन फुटतात आणि काही मिनिटांत कोठार रिकामं होतं. शिवाय पेशी तिथल्या तिथे नवीन रसायनं बनवायला घेते, ल्युकोट्राइन वगैरे, जी श्वासनळ्या आवळतात.

मला एक शंका होती. मास्ट पेशी रक्तवाहिनीच्या बाहेर असतात आणि कोळंबीचं प्रथिन वाहिनीच्या आत, रक्तातून चाललेलं. मग एवढ्या झटपट गाठ कशी पडते? ड्यूक विद्यापीठातल्या सोमन अब्राहम ह्यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांमध्ये हे पाहिलं. वाहिनीला लागून काही डेंड्रायटिक पेशी बसलेल्या असतात. त्या भिंतीतून आपला एक हात आत, वाहत्या रक्तात घालून ठेवतात, काय चाललंय ते चाचपतात आणि हाती लागलेलं प्रथिन बारीक बुडबुड्यांवर लावून आजूबाजूच्या मास्ट पेशींकडे सोडून देतात. प्रत्येक वाडीत अशी एक व्यक्ती असते. पडवीत बसून रस्त्यावरून कोण गेलं ते बघायचं आणि चार घरांत पोचवायचं. तिचा हेतू वाईट नसतो.

हिस्टामिन सुटलं की बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि झिरपू लागतात. भूलतज्ज्ञांनी नोंदवलेला आकडा असा, की वाईट झटक्यात वाहिन्यांतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त द्रव दहा मिनिटांत बाहेरच्या ऊतींत जाऊ शकतो. रक्ताचा थेंब सांडत नाही आणि तरी माणूस आतल्या आत कोरडा होतो. जांभ्या दगडावर राहणाऱ्याला हे कळतं. इतका पाऊस पडतो की छत्री टिकत नाही आणि एप्रिलमध्ये विहिरीत पोहरा खडखडतो. पाणी कुठे गेलं? कुठेच नाही, खाली गेलं. म्हणून ती डॉक्टर ओरडली. अशा माणसाला बसवलं किंवा उभं केलं की उरलंसुरलं रक्त पायांत उतरतं आणि हृदय रिकामं धडधडत राहतं. मला बुंध्याला टेकवून बसवणाऱ्या चौघांचा जीव माझ्यावर होता, म्हणून तर बसवलं. हे मी आता प्रत्येकाला सांगतो. दम लागून बसल्याशिवाय श्वास घेताच येत नसेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर आडवं, पाय वर.

आणि सेट्रिझिन? ती हिस्टामिनची एक जागा अडवते, खाज उतरवते. सांडलेलं पाणी ती परत विहिरीत आणत नाही. ते काम अ‍ॅड्रेनॅलिनचं: वाहिन्या आवळायच्या, श्वासनळ्या उघडायच्या, हृदयाला चेव आणायचा आणि मास्ट पेशींना आणखी फुटण्यापासून आवरायचं. गंमत पाहा, शुद्ध अ‍ॅड्रेनॅलिन वेगळं काढल्याचं जोकिची ताकामिनेने जाहीर केलं तेही १९०१ मध्येच. रोगाच्या शोधाची सुरुवात समुद्रावर होत होती, त्याच वर्षी त्यावरचं औषध दुसऱ्या कोणाच्या तरी बाटलीत तयार होतं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

इथे कोकणातल्या माणसाला एक शंका येईल, कारण मलाही आली. आपल्याकडे लाल विंचू चावला की माणूस मरतो तो ह्याच अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीच्या रसायनांच्या उधाणाने. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते उधाण थोपवायला प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली आणि विंचवाने होणारे मृत्यू आटोक्यात आणले. म्हणजे एका दंशात शरीर जे भरमसाट ओततं म्हणून मरतं, तेच दुसऱ्या प्रकारात वेळेवर टोचलं नाही म्हणून मरतं. दुकानात दोन्ही औषधं मी एकाच कपाटात ठेवतो. आता हात जरा थबकतो.

आता पालखीकडे येतो. पुण्याला जाऊन तपासण्या केल्या. हातावर ओळीने टोचण्या: कोळंबीची गांध रुपयाएवढी, बांगड्याची नाही, सुरमईची नाही आणि घरातल्या धुळीतल्या किड्याची, ज्याला माइट म्हणतात, त्याची चांगली मोठी. तिथल्या डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. आधी कधी ओठ खाजायचे का कोळंबी खाल्ल्यावर? आणि त्या दिवशी जेवणानंतर काय केलं?

खाजायचे. दोनेक वर्षं. मी ते मिरचीच्या खात्यावर टाकलं होतं. आणि जेवणानंतर मी पालखी नाचवली होती. डॉक्टर म्हणाले, हेच. काही लोकांत अन्न एकटं पुरत नाही. खाल्ल्यावर दोन-चार तासांत अंगमेहनत झाली की मग भडका उडतो. कवचवाल्या मासळीचं आणि धावण्याचं असं पहिलं उदाहरण १९७९ सालीच छापून आलंय. दारू, ताप, काही वेदनाशामक गोळ्या, ह्याही अशाच आगीत तेल ओततात.

घरी येऊन मी काकीला हे सांगितलं. ती शांतपणे शेंगा सोलत होती. म्हणाली, "मंग मी काय सांगत होते?" आणि विचार केल्यावर मला उत्तर सुचेना. कोळंबी खाल्ली आणि पालखीला खांदा दिला म्हणून झालं, असं ती म्हणाली होती. कोळंबी खाल्ली आणि पालखीला खांदा दिला म्हणून झालं, असं पुण्याच्या तज्ज्ञांनी दोन हजार रुपये घेऊन सांगितलं. मधला देव तेवढा वगळला.

धुळीच्या किड्याची भानगड मात्र काकीच्या हाताबाहेरची होती. कोळंबीत बाधणारं मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन, स्नायूंतलं. शिजवून, तळून, वाळवून ते नासत नाही, त्यामुळे सोडे आणि जवळाही गेले. हेच प्रथिन थोड्या फरकाने कुर्लीत असतं, झुरळात असतं आणि धुळीतल्या किड्यात असतं, कारण हे सगळे संधिपाद, म्हणजे एकाच कुळातले. २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. धर्माने कोळंबी वर्ज्य असलेल्या, जन्मात ती न खाल्लेल्या सनातनी ज्यू लोकांपैकी ज्यांना धुळीचा त्रास होता, अशांच्या रक्तात कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनविरुद्ध आयजीई सापडलं. वाचताना मला आमच्या किनाऱ्यावरचे शनवार तेली आठवले, बेने इस्रायल. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकाठी राहिले, मासे चवीने खाल्ले, पण खवलं नाहीत म्हणून कोळंबीला शिवले नाहीत.

म्हणजे माझा दावा मुळात कोळंबीशी नसेलही. पावसाळाभर ओलसर राहणाऱ्या आमच्या माजघरातल्या गाद्यांमध्ये किडा पोसला, भांडण त्याच्याशी लागलं आणि समन्स निघालं त्याच्या चुलतबहिणीच्या नावाने. हे वाचून मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. गिऱ्हाईकाला वाटलं त्याच्या चिठ्ठीला हसलो.

मासा मात्र सुटला. माशातलं बाधणारं प्रथिन वेगळं, पार्व्हाल्ब्युमिन. त्याचा कोळंबीशी संबंध नाही. पण माशाचं म्हणून एक वेगळंच ढोंग असतं आणि दुकानात बसून ते मी अनेकदा पाहिलंय. घरातली चार माणसं बांगडा खातात आणि अर्ध्या तासात चारही लालबुंद, डोकं ठणकतंय, अंगाची आग. सगळ्यांना एकदम अ‍ॅलर्जी? बांगडा उन्हात पडून राहिला, वेळेवर बर्फ लागला नाही, की जिवाणू त्याच्या मांसातल्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करून ठेवतात. ते शिजवून जात नाही. जे माझ्या मास्ट पेशींनी आतून सोडलं तेच ह्यांनी ताटातून खाल्लेलं असतं. मेलेला मासा माणसाच्या पेशींची नक्कल करतो. तिथे सेट्रिझिनने बहुतेकांना बरं वाटतं, श्वास लागला तर दवाखाना, आणि पुढच्या वेळी ताजा बांगडा खायला हरकत नाही. पण "मला बांगडा बाधतो" म्हणून वीस वर्षं न खाणारी माणसं मला माहीत आहेत. ज्याने खरा दावा लावला त्याला लोक मिरचीच्या खात्यावर टाकतात आणि ज्याने काही केलं नाही त्याला वाळीत.

ह्या पेशी ठेवल्यातच कशाला, असं बायकोने एकदा विचारलं. पोटातल्या जंतांसाठी, असं पूर्वीपासून सांगतात. दुसरं उत्तर २००६ सालचं. स्टॅनफर्डच्या स्टीफन गॅली ह्यांच्या गटाने दाखवलं की मास्ट पेशी नसलेले उंदीर सापाच्या आणि मधमाशीच्या विषाने लवकर मरतात. असलेल्या उंदरांत ह्या पेशी आपल्या दाण्यांतली विकरं ओतून विष तोडतात. बायको म्हणाली, "म्हणजे फुरशासाठी ठेवलेल्या, कोळंबीवर धावल्या." मी म्हटलं, अगदी तसंच काही नाही. पण बरंचसं तसंच.

यंदाच्या शिमग्याला मी पालखीला खांदा दिला. चार दिवस कवचाची मासळी घरात आली नाही आणि ती एरवीही माझ्या ताटात येत नाही. काकीने विळी वेगळी केलीय, तवा वेगळा केलाय. कोळंबी सोलायची तर ती मागच्या पडवीत जाते आणि मला हाकलते, कारण वाफेनेही काहींना होतं हे मी तिला सांगण्याची चूक केली. सदऱ्याच्या खिशात चष्म्याच्या डबीत दोन अ‍ॅम्प्यूल आणि सिरिंज होती. ती मांडीत कशी टोचायची ते त्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने बायकोला आणि मुलाला संत्र्यावर शिकवलंय. तिसरं माणूस कोणी शिकून घेईल का, पालखीच्या वेळी जवळपास असेल असं, असं त्या डॉक्टरने विचारलं होतं.

मी चुलतभावाकडे गेलो. त्याने संत्रं हातात घेतलं, पाचसहा वेळा नीट टोचून दाखवलं, अर्धा मिलिच्या रेषेवर बोट ठेवून दाखवलं. बोलला नाही. निघताना म्हणाला, "गडग्याचा याच्याशी काही संबंध नाही हां." मी म्हटलं, "नाहीच."

पुढची तारीख अकरा जून आहे.